मनोहररावांचा उपास

झालेल्या कामाचं कौतुक करायला तीन माणसं नेमली, की सरकारदरबारी त्यांना मूल्यमापन समिती म्हणतात. डॉ. प्रमोदिनी काळबांडे हिला हे पहिल्याच बैठकीत कळलं, कारण अहवालाचं शेवटचं पान आधीच टाइप होऊन आलं होतं. साथ आटोक्यात आणणाऱ्या पथकाचं त्यात हार्दिक अभिनंदन होतं. मधली पानं तेवढी समितीनं भरायची होती.

साल त्र्याऐंशी. त्या मे महिन्यात हिंगणा रोडवरच्या ग्रामसेवा प्रशिक्षण केंद्रात गावोगावचे सरपंच आणि सोसायट्यांचे चिटणीस शिबिराला आले होते. आठवडा उलटायच्या आत एकेक जण तापानं फणफणला. कोरडा खोकला, धाप, कोणी बरळायला लागलं, कोणाचं फुप्फुस भरलं. दहा-बारा माणसं दगावली. शहर घाबरलं, आणि घाबरलेल्या शहराला जसा माणूस लागतो तसा डॉ. रुपराव ढोबळे साथनिवारण पथकाचा प्रमुख होऊन जीपमधून उतरला.

ढोबळ्यानं काय नाही केलं! केंद्राभोवतीच्या गटारांवर धुराची फवारणी केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लीचिंग पावडरीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा ओढल्या, जणू मंत्र्याची मोटार येणार आहे. उसाच्या रसाची दुकानं बंद केली, आसपासची डुकरं धरली, विहिरीत लाल औषध टाकलं आणि प्रत्येक वेळी फोटो काढून घेतला. शेवटी त्यानं केंद्राच्या स्वयंपाकघराला सील ठोकलं आणि जाहीर केलं, की हा ताप जेवणातून आला. स्वयंपाकीण सिंधूताई गजभिये हिला कामावरून काढलं, तिच्याविरुद्ध पोलिसात तक्रार गेली, आणि पेपरवाल्यांना हवं ते मिळालं.

एवढी मोहीम चालू असताना साथ थांबली मात्र नाही. ती उलट तापाच्या वॉर्डात शिरली. तिथले दोन वॉर्डबॉय, एक नर्स आणि पेशंटांच्या उशाशी बसलेले नातेवाईक आडवे झाले. ढोबळ्यानं लगेच दुसरा शोध लावला, की ताप आता माणसामाणसांतून पसरतोय. मग जून सरत आला, पाऊस पडला, हवा गार झाली आणि साथ आपोआप ओसरली. पावसाचं श्रेय पावसाला कोण देतो? ते ढोबळ्यानं घेतलं.

आता ऑक्टोबरात त्या सगळ्या पराक्रमाचं मूल्यमापन चाललं होतं, आणि तेही त्याच केंद्रात, शिबिर भरलं होतं त्याच सभागृहात. अध्यक्ष डॉ. गोपाळराव देशकर निवृत्त होऊन बारा वर्षं झालेले, आणि वाचन त्याच्याही आधी निवृत्त झालेलं. तिसरे सदस्य जेवणानंतर बसल्या जागी डुलक्या काढत. मेडिकल कॉलेजात शिकवणारी आणि साथींचा खरोखरचा अभ्यास केलेली अशी एकटी प्रमोदिनी, आणि तिला घेतलं होतं ते समितीत एक बाई असावी म्हणून. तिला या लोकांची किळस येई. ती लपवायची तसदीही ती फारशी घेत नसे.

व्यासपीठामागच्या भिंतीत एक कूलर होता. नागपुरात घरोघरी असतो तसाच, लोखंडी पेटी, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी आणि आत पंखा. फक्त हा खोलीएवढा होता. केंद्रातले लोक त्याला ऐरावत म्हणत. होळीला त्याची टाकी भरली, की उन्हाळाभर त्याच पाण्यात वरून पाणी ओतत राहायचं, ही तिथली पद्धत. टाकी उपसायचं कोणाच्या मनातही येत नसे. पाणी आहे, वारा येतोय, मग अजून काय पाहिजे? आणि नागपूरकरांच्या आदरातिथ्याचं तर सगळं शास्त्रच कूलरपाशी सुरू होऊन तिथंच संपतं. जावई आला, साहेब आला, म्हातारा आला, की आधी त्याला कूलरच्या तोंडाशी बसवायचं. शिबिरातही मानाची माणसं पुढच्या रांगांत बसली होती, त्या गार, दमट झोतात. आजारी पडली ती बहुतेक तीच.

प्रमोदिनीला पहिल्या दिवसापासून संशय होता. अमेरिकेत सात वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात असाच न्यूमोनिया पसरला होता. त्याला त्या सैनिकांच्या संघटनेवरून लीजनेअर्सचा रोग असं नाव पडलं. त्याचे जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतात आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून छातीत जातात. अन्नातून ते येत नाहीत, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला तर लागतच नाहीत. म्हणजे ढोबळ्याचे दोन्ही शोध एकाच दगडात पडायला हवे होते.

"मग वॉर्डात कसा गेला ताप?" देशकरांनी विचारलं. आपण बिनतोड प्रश्न विचारला अशी त्यांची समजूत होती.

"ढोबळेसाहेबांनीच नेला," प्रमोदिनी म्हणाली. "पेशंट उकाड्यानं तळमळतात म्हणून त्यांनी हाच कूलर इथून काढून तापाच्या वॉर्डात बसवला. पाण्यासकट, ताट्यांसकट. तुमच्या टाइप केलेल्या शेवटच्या पानावर त्याबद्दल खास कौतुक आहे, मानवतेच्या दृष्टिकोनातून म्हणून."

ढोबळे समोरच बसला होता. त्याचा चेहरा जरा उतरला, पण तेवढाच. "अवो मॅडम, पेशंटले गरमीत मरू द्यायचं होतं काय?" तो म्हणाला. "आन् तुम्ही पाहून घ्या ना कूलर. कुठं हायेत जंतू?"

तो बेलाशक म्हणू शकत होता. समिती पाहणीला येणार म्हणून त्यानं ऐरावत धुऊन, ताट्या जाळून, टाकीला आतून चंदेरी रंग मारून पुन्हा भिंतीत बसवला होता. पेशंटांचं रक्तही कोणी जपून ठेवलं नव्हतं. पुरावाच पुसून त्यावर रंग चढवणारा हा माणूस आता पुरावा मागत होता, आणि देशकर मान डोलवत होते. प्रमोदिनीच्या मस्तकात तिडीक गेली.

राहिली ती माणसं. कोण कुठं बसलं आणि कोण काय जेवलं, हे तिनं हयात असलेल्यांना विचारून विचारून जुळवलं. शिबिराला आलेल्या बायका बाजूच्या खोलीत पंख्याखाली बसत. जेवण तेच, पण त्यांतली एकही आजारी पडली नाही. सिंधूताई आणि तिच्या हाताखालच्या बायाही तेच जेवत, त्याही ठणठणीत.

"बायका मागून जेवतात," देशकर म्हणाले. "तोवर अन्न पुन्हा गरम केलेलं असणार. जंतू मेले."

"आणि पुढच्या रांगेतले?"

"ते कूलरसमोर बसले हे खरं. पण ते इथं जेवलेही. मग कूलरनं मेले की जेवणानं, हे तुम्ही कशावरून ठरवणार? असा एक माणूस दाखवा, जो कूलरसमोर बसला, आजारी पडला, पण इथलं अन्न ज्यानं तोंडात घातलं नाही. एक दाखवा, मी शेवटचं पान फाडतो."

आयुष्यात पहिल्यांदाच हा म्हातारा मुद्द्याचं बोलला होता. आणि तसा एक माणूस होताही. सभागृहाच्या भिंतीवर, ताज्या हारात, तसबिरीतून सगळ्यांकडे बघत होता.

मनोहरराव ठवकर. रामटेककडचे मोठे पुढारी, शिबिराचे प्रमुख वक्ते, मानानं थेट ऐरावताच्या तोंडाशी बसलेले आणि त्याच तापानं गेलेले. त्यांचा विषय समता. जातपात मोडली पाहिजे, एका पंगतीत बसलं पाहिजे, हे ते तासभर असं सांगत, की सरपंचांच्या डोळ्यांत पाणी येई. आणि जेवणाची घंटा झाली, की म्हणत, "आज आपला उपास." सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. मधल्या वारी पोट बरं नसे. पाणीसुद्धा ते जीपला टांगलेल्या आपल्या छागलीतलं पीत. सिंधूताई बौद्ध होती, हे त्या उपासाचं खरं दैवत. केंद्रात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे असं कोणी दाखवत नसे.

सिंधूताईनं समितीपुढं ते सरळ सांगून टाकलं. चाळिशीची, काटक, पांढरं पातळ नेसलेली बाई. तिच्यावर खटला उभा राहणार की नाही, हे या अहवालावर ठरायचं होतं. वस्तीत लोक तिच्याकडं बोट दाखवत, पोरंसोरं 'जहरवाली' म्हणून पळत. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक तिला कोणी सांगेनासं झालं होतं. निदान भांडी घासायला मिळतील का, एवढंच विचारत ती चार महिने फिरली होती.

"साहेब इथं जेवले नाहीत," ती म्हणाली. "एकबी दिवस नाही. त्याईनं माह्या हातचं पानीबी कधी घेतलं नाही. मंग माह्या जेवनानं ते मेले कसे?"

"बाई, गेलेल्या माणसावर चिखल उडवू नका," देशकर कडाडले. "समतेसाठी झिजलेला माणूस तो!"

ढोबळ्याकडं तर त्याच्या उलट जबानी तयार होती. मनोहररावांची विधवा यमुताई हिनं साथीच्या वेळीच सांगितलं होतं, की हे रोज केंद्रातच जेवत, सगळ्यांच्या पंगतीला. थोरला मुलगा जिल्हा परिषदेला उभा राहणार होता, आणि बापाचं समतेचं पुण्य हेच त्याचं भांडवल. बाप सिंधूताईच्या अन्नानं मेला हे घराला चालत होतं. बाप तिच्या हातचं खात नव्हता, हे मात्र चालणार नव्हतं. प्रमोदिनीनं आग्रह धरला, यमुताईला समितीपुढं बोलवा. देशकर नाखुशीनं कबूल झाले.

यमुताई आली ती डोक्यावरून पदर घेऊन, ढोबळ्यानं पुढं केलेल्या खुर्चीत अवघडून बसली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सिंधूताईला फेरजबानीसाठी थांबवलेलं होतं, ती मागच्या बाकावर होती.

"वहिनी, घाबरू नका," ढोबळे लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. "साहेब जेवत होते ना इथं?"

"जेवत होते," यमुताई म्हणाली.

"काय जेवत?" प्रमोदिनीनं विचारलं.

"वरण-भात. पोळ्या. जे असंल ते."

"घरी येऊन कधी जेवणाबद्दल बोलले?"

"बोलत ना. चांगलं असते म्हणत." ती पढवल्यासारखं बोलत होती, आणि एकदाही मागच्या बाकाकडं बघत नव्हती.

प्रमोदिनीला ही बाई आरपार कळत होती. काटोलजवळच्या तिच्या स्वतःच्या घरी मजुरांचे कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असत. आजी त्यांना हात लावत नसे, आई लावत नसे, आणि दोघी वर म्हणत, आम्ही काही मानत नाही बाप्पा. यमुताई त्यातलीच. नवऱ्यासाठी शंभर वेळा खोटं बोलेल, पण हात पुढं होणार नाही. जीभ खोटं बोलते, हात बोलत नाही. आता एका क्षणात या सगळ्या ढोंगाचा फुगा फुटेल, या कल्पनेनं प्रमोदिनीला आनंद झाला. अगदी उघड, दुष्ट आनंद.

"यमुताई, तुमचा घसा कोरडा पडला आहे," ती म्हणाली. मग मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सिंधूताई, यांना पाणी द्या. तुमच्या हातानं."

देशकरांनी चष्मा काढला. तिसरे सदस्यसुद्धा जागे झाले. काय चाललंय हे न कळलेला तिथं एकही माणूस नव्हता.

सिंधूताई लगेच उठली नाही. तिनं क्षणभर प्रमोदिनीकडं पाहिलं. मग उठून कोपऱ्यातल्या माठातून गिलास भरला, आणि चालत येऊन यमुताईसमोर धरला.

यमुताईची नजर गिलासावर खिळली. हात मांडीवरच राहिले. कपाळावर घाम आला. ढोबळ्याची चुळबुळ सुरू झाली. आता म्हणेल, माझा उपास आहे. प्रमोदिनीनं टाइप करणाऱ्या कारकुनाकडं पाहिलंसुद्धा, तयार राहा म्हणून.

यमुताईनं मान वर करून भिंतीवरच्या तसबिरीकडं पाहिलं. मग हात पुढं केला, सिंधूताईच्या हातातून गिलास घेतला, डोळे गच्च मिटले आणि औषध प्यावं तसं घटाघट सगळं पाणी पिऊन टाकलं. गिलास खाली ठेवला. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "आमच्या घरी असलं काही नाही. कधीच नव्हतं."

"वा!" देशकर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "याला म्हणतात संस्कार. डॉक्टर काळबांडे, अजून काही शंका?"

शंका कसली? साठ वर्षांत त्या बाईनं पहिल्यांदा आपला धर्म बुडवला होता, तोही एका खोट्या माणसाचं खोटं नाव राखायला, आणि ही सगळी शहाणी मंडळी तिला समतेची देवी म्हणत होती. प्रमोदिनीनं तोंड उघडलं. बसायच्या जागा, पंख्याखालच्या बायका, वॉर्डातला कूलर, सगळं पुन्हा मांडलं. पण आता तिचं बोलणं कोणी ऐकत नव्हतं. ती कुजक्या मनाची बाई ठरली होती, आणि यमुताईला ढोबळे हात जोडून जीपपर्यंत पोचवत होता.

अहवाल त्याच संध्याकाळी पुरा झाला. साथीचं कारण दूषित अन्न. पथकाची कामगिरी अनुकरणीय. पुढच्या उन्हाळ्यासाठी शिफारस अशी, की तापाच्या प्रत्येक वॉर्डात मोठा कूलर बसवावा. प्रमोदिनीनं सही करायला नकार दिला आणि आपली वेगळी टिप्पणी जोडायला दिली. ती जोडली जाणार नाही हे तिला माहीत होतं. देशकरांनी ती दुमडून खिशात घातली तेव्हा तिला त्यांच्या त्या खिशाचाही तिटकारा आला.

ती बाहेर आली तर पायऱ्यांपाशी सिंधूताई उभी. निकाल तिला कळला होता. कारकुनानं सांगितला असणार.

"मी सोडणार नाही हे," प्रमोदिनी म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि रागही. "कोर्टात मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. काय माणसं आहेत ही! त्या बाईला पाहिलंत ना? नवऱ्याच्या फोटोसाठी विष प्यायला सांगितलं असतं तरी प्याली असती."

"विष नव्हतं ते," सिंधूताई म्हणाली. "पानी होतं."

प्रमोदिनी थबकली. "तसं नाही म्हणायचं मला."

"डॉक्टरबाई, तुम्ही माह्यासाठी भांडल्या. ते मी इसरनार नाही. कोर्टात या, मी नाही म्हननार नाही, मले गरज हाय." सिंधूताईचा आवाज चढला नव्हता. "पन एक सांगा. गिलास द्याले लावाच्या आंधी तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

"काय विचारायचं?"

"का मी देऊ का नको देऊ. तुम्हाले वाटलं, ते पेनार नाही. माह्या हाताले ते बाट समजते, अन् ते साऱ्याईले दिसनार, अन् मंग मी सुटनार. म्हंजे मी सुटाचं तं माह्या बाटावर. तो हाय असं धरूनच तुम्ही मले उठवलं, धा लोकाईच्या म्होरं."

"सिंधूताई, मी मानत नाही हो तसलं काही."

"आमी छप्पन साली माय-बापासंगं आलो दीक्षेले. पायी आलो. मी पंधरा वर्साची होती. कोनाच्या हाताले काय लागलं असते अन् काय नसते, ते तवाच टाकलं. त्याच्या मांगं कोनी काय बोललं, कोनी छागलीतलं पेलं, मले फरक नाही पडला. ते त्याईचं होतं, माह्यं नव्हतं." पायरीवरची पिशवी तिनं खांद्याला लावली. "आज तो गिलास घेऊन मी त्या बाईम्होरं उभी होती, अन् माह्या मनात काय आलं, सांगू? मी म्हनत होती, नको पेऊ. बाई, नको पेऊ माह्या हातचं."

हिंगण्याकडून येणारी बस वळणावर दिसली. सिंधूताई दोन पायऱ्या उतरली आणि मागं न वळता म्हणाली,

"माह्यं नाव त्याईनं खराब केलं, बाई. हे मातर तुम्ही केलं."